खोड सांगून दिलेला साप

फार जुन्या काळी एक राज्य होतं. किती जुन्या, असं विचाराल तर एवढंच सांगतो, की तेव्हा जनावरं माणसांशी बोलत आणि माणसं गप्प बसून ऐकून घेत. पुढे माणसांनी ऐकणं सोडलं, तेव्हा जनावरांनीही बोलणं सोडलं. त्यांना तरी दोष का द्यावा?

त्या राज्यात धान्य पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली आणि आतून सारवलेली धान्याची विहीरच म्हणा ना. वर तोंड एवढंसं, खाली पोट हे एवढं. आता जिथे धान्य तिथे उंदीर, हे तुम्हाला काय सांगायला हवं? म्हणून प्रत्येक पेवाच्या तोंडाशी, आतल्या अंगाला, वाळू भरलेला एक कोनाडा असे आणि त्या कोनाड्यात पाळलेला साप राहत असे. घाबरू नका, विषारी नव्हे. उंदराला विळखा घालून मारणारे, जाडजूड, आखूड साप ते.

त्यांच्या दोन जाती होत्या. लाल मातीच्या गावांत मांडूळ पाळत. मांडूळ म्हणजे तांब्याच्या रंगाचा, गुळगुळीत आणि शांत प्राणी. शेपूट इतकं बोथट, की तोंड कुठलं नि शेपूट कुठलं हे त्याचं त्यालाच ठाऊक. वरच्या खडकाळ गावांत डुरक्या घोणस पाळत. नावात घोणस असली तरी विषाचा थेंब नाही, पण अंग खरखरीत, पाठीवर काळे ठिपके आणि राग कायम नाकावर.

पेवात उतरणाऱ्याला पहिला आधार त्या कोनाड्याच्या कडेचाच घ्यावा लागे. कोनाड्यात मांडूळ असला, तर उतरणारा आधी उघडा तळवा त्याच्या पाठीवर ठेवी. हाताची ऊब लागली की मांडूळ वाळूत सरकून जागा करून देई. डुरक्या असला, तर आधी घोंगडीचा तुकडा आत टाकायचा. काय चावायचं ते तो घोंगडीला चावून घेई आणि राग निवला की मुकाट बसे. डुरक्याच्या पाठीवर चुकून उघडा हात ठेवला, तर तो कडकडून चावे. चावला की हात सुटे, आणि हात सुटला की माणूस थेट पेवाच्या तळाशी.

म्हणून त्या राज्यात एक रीत होती. साप विकायचा नाही, नारळ घेऊन द्यायचा. देताना चारचौघांत, खड्या आवाजात, त्याची आई कोण, बाप कोण आणि खोड कोणती ते सांगायचं. लग्न जमवताना मुलाच्या खोडी खुशाल गिळून टाकणारे लोकही सापाची खोड मात्र लपवत नसत.

त्या राज्याचा राजा मनाचा वाईट नव्हता, पण त्याला कलमांचा भारी नाद. या आंब्याची फांदी त्या आंब्यावर, या जाईचं बोट त्या जुईवर. बागेतलं एकही झाड त्यानं सुखानं वाढू दिलं नव्हतं. त्याचा गड उंच आणि वाट निसरडी, म्हणून तो घोड्यावर न बसता खेचरावर बसे. ते खेचर म्हातारं होतं, कमी बोलणारं होतं आणि पायाचं एकदम पक्कं होतं.

एके दिवशी राजानं आपल्या सापवाल्याला बोलावलं. त्याचं नाव शिदबा. सगळ्या मुलखात सापांचा असा जाणता दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट सगळ्यांत जास्त कुणाला माहीत असेल तर ती शिदबालाच.

राजा म्हणाला, "शिदबा, मांडुळाचा तांबूस रंग आणि डुरक्याचे ठिपके एकाच सापावर आले, तर काय बहार होईल! आजवर कुणाकडे नसेल असा साप. तुला जमेल का?"

शिदबानं खरं तर विचारायला हवं होतं, "महाराज, कशासाठी?" पण "तुला जमेल का" हे शब्द कानावर पडले आणि गडी फुलून गेला.

"न जमायला काय झालं, महाराज?" तो म्हणाला.

शिदबाकडे तांबू नावाची मांडूळ होती. तळव्यात घेतली की झोपून जायची, इतकी मवाळ. त्याच्याकडे एक डुरक्याही होता, त्याचं नाव जमदग्नी. नावावरून काय ते ओळखा. शिदबानं दोघांना एका रांजणात ठेवलं, वर झाकण घातलं आणि वाट पाहत बसला.

मांडूळ अंडी घालत नाही, पिल्लंच देते. दिवस भरल्यावर तांबूला पिल्लं झाली. काही जन्मतःच वाकडी होती, ती जगली नाहीत. काहींनी तोंडाला काही लावलंच नाही, तीही गेली. त्यांना मातीआड करताना शिदबाचा चेहरा उतरला होता. पण जी जगली, ती काय सांगू तुम्हाला! तांब्याच्या घागरीवर कुणी काजळाची बोटं उठवावीत तशी दिसत होती. अंग आईसारखं गुळगुळीत आणि शेपूट आईसारखं बोथट. बघणारा पटकन म्हणाला असता, मांडूळच आहे, जरा नटलेला.

त्यांतली जी सगळ्यांत देखणी होती, तिला शिदबानं काजळी म्हटलं. एकदा तिला वाळूतून उचलायला त्यानं सवयीनं उघडा तळवा तिच्या पाठीवर ठेवला. हातातलं रक्त वाळूवर ठिबकलं, तेव्हा कुठे त्याला कळलं, की रूप आईचं असलं तरी खोड बापाची आहे.

तो तसाच गडावर गेला. "महाराज, पिल्लं दिसाय मांडूळ हायत, पन चावत्यात डुरक्यागत."

राजा त्या वेळी पिल्लांना नाव शोधण्यात गुंग होता. "अरे, तुझ्या हाताला उंदराचा वास आला असेल. मोठी झाली की निवतील. आणि हे बघ, पेव उघडायच्या जत्रेत आईबाप सांगताना म्हणायचं, हा जुना राजमांडूळ, डोंगराच्या कपारीत सापडला. कलम म्हटलं की लोक नाक मुरडतात. जुनं म्हटलं की लोक हात जोडतात."

"पन महाराज, आईबाप खोटं सांगायचं?"

"जत्रेत आईबाप सांगायचा पहिला मान तुझा राहील," राजा म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि खरं सांगशील तर लोक तुझ्या पिल्लांना बाटगी म्हणून दगडानं ठेचतील. तुला चालेल ते?"

शिदबाला ते चालणार नव्हतं. मान तर हवाच होता, पण काजळीचा जीव त्याहून जास्त हवा होता. तो मान खाली घालून घरी आला. जत्रेपर्यंत पिल्लं हातभर लांब झाली, आणि शिदबाची झोप तेवढीच आखूड झाली.

जत्रेला निघायच्या दिवशी पहाटे त्यानं तांबूच्या रांजणात वाळू बदलली. तांबू तोंड वर काढून म्हणाली, "शिदबा, आज लेकीला न्हेतोस?"

"व्हय."

"कुनाची लेक म्हनून सांगनार?"

शिदबा वाळू सारखी करत राहिला.

"कलम झाडाचं करत्यात, बाबा. झाडाला कुनी इचारत न्हाई, म्हनून चालतं. मलाबी कुनी इचारलं न्हाई. रांजनात कोंडलंस, वर झाकन घातलंस. माझी निम्मी पिल्लं मातीत गेली. त्येचा मी राग धरला न्हाई, कारन तू रोज माझी वाळू बदलतोस. पन माझ्या लेकीला आई न्हाई, बाप न्हाई, कपारीत घावली, असं चारचौघांत बोलशील, तर मात्र तुझ्या हातात परत झोपायची न्हाई."

त्यानं काजळीचं मडकं उचललं आणि वाटेला लागला.

जत्रा भरली होती राजाच्या पेवापाशी. दरवर्षी त्या दिवशी राजाचं पेव उघडत. दगड सारून आतली वाफ निघून जाऊ देत. मग कोनाड्यात साप पुन्हा बसवत, जुना थकला असेल तर नवा, आणि राजघराण्यातलं एक मूल दोराला धरून आत उतरे. ते मूल पहिलं माप भरून वर आणी, त्या धान्याची खीर होई आणि साऱ्या रयतेला मिळे. या वर्षी उतरणार होती राजकन्या. तिचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते, तरी हसायची हौस कमी झाली नव्हती.

शिदबाला पाहताच ती धावत आली. "शिदबाकाका, नवा राजमांडूळ आमच्याच पेवात बसवायचाय, आबासाहेबांनी सांगितलं! मी महिनाभर सराव केलाय. हे बघा, असा तळवा ठेवायचा. आता मी डोळे मिटूनही ठेवते."

तिनं खरोखरच डोळे मिटले आणि आपला इवलासा तळवा हवेत अलगद टेकवून दाखवला.

शिदबानं आपल्या हाताकडे पाहिलं. काजळी चावली होती, त्या जागी खूण अजून होती. त्यानं पेवाच्या तोंडातून आत डोकावलं. आत नुसता काळोख होता आणि तळ दिसत नव्हता.

ढोल थांबले. राजा खेचरावर बसूनच पुढे आला. "चल शिदबा, तुझा पहिला मान. आईबाप सांग."

सगळी जत्रा कान देऊन उभी राहिली. शिदबानं मडक्यातून काजळीला घोंगडीत गुंडाळून बाहेर काढलं. उन्हात ती अशी झळकली, की बायाबापड्यांच्या तोंडून आपोआप "आहाहा" निघालं. घोंगडीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

शिदबानं एकदा राजाकडे पाहिलं, एकदा त्या दात पडलेल्या पोरीकडे पाहिलं आणि छाती भरून श्वास घेतला.

"ही काजळी," तो ओरडला. "हिची आई तांबू, मांडूळ, लाल मातीची. हिचा बाप जमदग्नी, डुरक्या, खडकावरचा. दोघांना म्या एका रांजनात घातलं, हौसंखातर. हिची काही भावंडं वाकडी जन्मली आनि मेली, तेबी माझंच पाप. रूप आईचं हाय, खोड बापाची. उघडा हात ठेवाल तर चावंल. घोंगडी आधी टाका!"

मग जत्रेत एकच गिल्ला उठला.

"बाटगं हाय!"

"पेवात बाटगं बसवायला निघाला व्हता!"

"दगड घाला त्येच्यावर!"

कुणी खरंच दगड उचलला. शिदबानं काजळीला छातीशी धरलं आणि तो दगड उचललेल्या माणसासमोर जाऊन उभा राहिला. "घालायचा तर माझ्यावर घाला. चूक म्या केली. हिनं काय केलं? ही फकस्त जन्मली."

राजाचा चेहरा लालबुंद झाला होता. साऱ्या रयतेसमोर त्याचं पितळ उघडं पडलं होतं. तो शिदबाला धरा म्हणणार, तोच त्याच्या मांडीखालून आवाज आला.

"महाराज, जरा उतरता का? मला बोलायचंय, आणि पाठीवर ओझं घेऊन मला नीट बोलता येत नाही."

ते म्हातारं खेचर होतं. वर्षानुवर्षं ते कुणाशी बोललं नव्हतं, म्हणून दगड उचललेला माणूससुद्धा हात तसाच ठेवून ऐकू लागला. राजा चकित होऊन खाली उतरला.

खेचर म्हणालं, "माझी आई घोडी, बाप गाढव. आईकडून उंची आली, बापाकडून हट्ट आला. हे तुम्हाला माहीत आहे, पागेला माहीत आहे, साऱ्या राज्याला माहीत आहे. मला खेचर म्हणतात आणि मी ओ देतो. कुणी मला अरबी घोडा म्हणून विकलं असतं, तर पहिल्याच लढाईत माझी फजिती झाली असती आणि वर बसणाऱ्याची मानही मोडली असती. तुम्ही मला खरं नाव दिलंत, म्हणून माझ्याकडून काय मागावं आणि काय मागू नये हे तुम्हाला कळलं. म्हणून तुमच्या गडाच्या वाटेवर माझा पाय एकदाही घसरला नाही."

मग ते हळू आवाजात म्हणालं, "मला पोर होणार नाही, महाराज. असं आयुष्य तुला चालेल का, हे मला कुणी विचारलं नव्हतं. त्याचं वाईट मला अजून वाटतं. पण तुम्ही म्हातारपणीही मला चारा घातलात, हाकलून दिलं नाहीत, म्हणून ते वाईट मी गिळू शकलो. या काजळीलाही तेवढंच द्या. खरं नाव आणि मरेपर्यंत चारा. आम्ही असले जीव त्याहून जास्त काही मागत नाही."

राजानं आपल्या खेचराच्या मानेवर हात ठेवला. मग त्यानं डोक्यावरची पगडी सारखी केली आणि रयतेकडे वळला. राजाला चूक कबूल करताना तुम्ही कधी पाहिलं आहे का? मीही नाही, म्हणून तर ही गोष्ट सांगण्याजोगी आहे.

"शिदबानं सांगितलं ते सगळं खरं," तो म्हणाला. "साप त्यानं जुळवले, पण माझ्या सांगण्यावरून. खोटं मात्र मी एकट्यानं जुळवलं. त्यानं आज माझं ऐकलं असतं, तर माझ्याच लेकीचा हात सुटला असता. दगड खाली ठेवा."

दगड खाली पडला.

राजानं लेकीला जवळ घेतलं. "बाळ, आज पेवात नको उतरूस. जुना मांडूळ बसवू आणि पुढच्या वर्षी बघू."

राजकन्येनं मान जोरात हलवली. "का म्हणून? मला आता तिची खोड कळली आहे ना! शिदबाकाका, घोंगडीचा तुकडा द्या."

शिदबानं राजाकडे पाहिलं. राजानं डोळे मिटले आणि मान डोलावली.

काजळीला कोनाड्यात ठेवलं. राजकन्येच्या कमरेला दोर बांधला, तो चार धिप्पाड गड्यांनी धरला आणि पाचवा स्वतः राजा. पोर पेवाच्या तोंडाशी बसली आणि तिनं आधी घोंगडीचा तुकडा कोनाड्यात टाकला. त्याबरोबर काजळी अशी तुटून पडली, की घोंगडी टरकन फाटल्याचा आवाज कडेला उभ्या असलेल्यांना ऐकू आला. त्या घोंगडीच्या जागी कुणाचा तळवा असता, हे प्रत्येकाला दिसत होतं.

राजकन्या थांबली. घाई केली नाही. काजळीनं घोंगडीला वेटोळं घातलं, चावा सैल केला आणि रुसलेल्या मुलीसारखी ती कोपऱ्यात जाऊन बसली. मग राजकन्येनं कोनाड्याची कडा धरली, खाली पाय सोडले आणि अंधारात उतरली.

राजाच्या हातातला दोर घामानं ओला झाला होता.

खालून आवाज आला, "ओढा!"

दोर ओढला. आधी माप दिसलं, जोंधळ्यानं शिगोशीग भरलेलं. मग राजकन्येचं डोकं दिसलं, धुळीनं पांढरं झालेलं. आणि मग दिसलं तिचं दोन दात पडलेलं हसू. कडेला येताच ती म्हणाली, "आबासाहेब, माझा पाय लागायच्या आधीच खालचा उंदीर पळाला! तिचा वास त्याला आधीच लागला असणार."

मग काय विचारता! ढोलावर अशी काठी पडली, की गडावरची पाखरं उडाली. मघाशी दगड उचललेला माणूस सगळ्यांत मोठ्यानं "काजळी, काजळी" म्हणून ओरडत होता. असे लोक प्रत्येक जत्रेत असतात, त्यांचं फार मनावर घेऊ नये. कुणी शिदबाला खांद्यावर उचललं, कुणी खेचराच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. खेचरानं ती माळ शांतपणे खाऊन टाकली. त्या वर्षीच्या खिरीसारखी खीर पुन्हा झाली नाही, असं म्हातारे लोक पुढे कितीतरी वर्षं सांगत असत.

राजानं त्याच दिवशी दवंडी पिटवली. केवळ हौसेसाठी दोन जातींचे साप कुणी एका रांजणात घालायचे नाहीत. मांडुळाचं कूळ मांडुळाचं राहू द्यायचं आणि डुरक्याचं डुरक्याचं, कारण गावोगावचे हात त्या ओळखीवर पेवात उतरतात. आणि जे संकराचे जीव जन्माला आलेच आहेत, त्यांना कुणी बाटगं म्हणायचं नाही, खोटं कूळ चिकटवायचं नाही आणि ज्यानं जन्माला घातले त्यानं त्यांना शेवटपर्यंत सांभाळायचं.

काजळीनं राजाचं पेव जन्मभर राखलं. तिच्या कोनाड्याशी घोंगडीचा तुकडा कायम टांगलेला असे. तिची भावंडं शिदबाच्या अंगणात म्हातारी झाली आणि शिदबा त्यांच्याबरोबर म्हातारा झाला. लोक त्याला विचारत, "असा देखणा साप पुन्हा जमंल का?" तेव्हा तो म्हणे, "जमंल की. पन आता मी आधी इचारतो, कशासाठी?"

आणि तांबू? जत्रेहून परत येताच शिदबानं रांजणाचं झाकण काढलं आणि तिला सगळं सांगितलं. तिनं लेकीचा पराक्रम शेवटपर्यंत ऐकला, मग वाळूतून सरकत वर आली, त्याच्या तळव्यात अंगाचं वेटोळं केलं आणि झोपून गेली. शिदबा संध्याकाळपर्यंत हात न हलवता तसाच बसला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

म्हणून सांगतो: नवा जीव घडवायची हौस असेल, तर त्याचं खरं कूळ सांगायचं धैर्य आणि त्याला मरेपर्यंत सांभाळायची दानत आधी अंगी असावी.